आजोबांचा लोखंडी मासा

दलेंदा मावशीचा डावा डोळा गेल्या हिवाळ्यात गेला आणि उजवाही त्याच वाटेला लागला होता. ट्यूनिसच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, रात्री डोळ्यावर लावायला चिकटपट्ट्यांचं पाकीट दिलं आणि म्हणाले, जे बघायचं असेल ते या वर्षात बघून घ्या. दुसरी एखादी मक्केला न्या म्हणाली असती. मावशी घरी आली आणि चपला काढता काढता मला म्हणाली, "शादली, तुझ्या त्या उडत्या पत्र्याच्या डब्यातून मला मीठ दाखव. वरून."

मीठ म्हणजे शोत. केबिली आणि तोझर या गावांमध्ये पसरलेलं मिठाचं वाळलेलं तळं. त्याला पलीकडे काठ असतो यावर लहानपणी माझा विश्वास नव्हता. आजचा पक्का रस्ता नव्हता तेव्हा माझे आजोबा, म्हणजे मावशीचे वडील, त्या मिठावरून उंटांचे तांडे न्यायचे. वाटेपासून दहा पावलं बाजूला गेलेला उंट वरचा पापुद्रा फुटून खालच्या चिखलात नाहीसा व्हायचा. एके दिवशी आजोबाच नाहीसे झाले. मावशी तेव्हा सात वर्षांची होती, माझी आई पाचची, आणि धाकटी मबरूका पाळण्यात.

आजोबांच्या गळ्यात एक लोखंडी मासा असायचा, बोटाएवढा, लोहाराने उंटाच्या पायबंदाच्या तुकड्यातून ठोकून काढलेला. नजर लागू नये म्हणून आमच्याकडे मासा दारावर टांगतात, पाळण्यावर टांगतात, हल्ली मोटारीतही टांगतात. त्या सकाळी मावशीने मासा मलाच हवा म्हणून भोकाड पसरलं. आजोबांनी तो काढून तिच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, उद्या संध्याकाळी परत दे. ते निघाले आणि आलेच नाहीत. मबरूका मोठी झाल्यावर कोणीतरी तिला हे सांगितलं. तेव्हापासून तिच्या तोझरपलीकडच्या नेफ्त्याहून येणाऱ्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ असायची: बाबांचा मासा अजून तुझ्याचकडे ना?

तो मावशीकडेच होता. गेली तीस वर्षं तो तिच्या रेडिओच्या मागे राहत होता. रेडिओचं मागचं झाकण कधीच तुटलेलं, आणि आतल्या भोंग्याच्या चुंबकाला मासा आपोआप चिकटून बसायचा. खिळा ठोकायला नको. काढला की त्याला तिच्या रुमालाच्या टाचण्या लटकायच्या, आणि लहानपणी मी तासन्‌तास त्या मोजत बसायचो. मी आईविना वाढलो तो मावशीच्या त्या स्वयंपाकघरात.

आता मी जेर्बा बेटावरच्या हूमत सूकमध्ये लोकांचे दात काढतो आणि रविवारी विमान उडवतो. विमान तिघांत मिळून घेतलेलं आहे: मी, एक गुरांचा डॉक्टर आणि एक हॉटेलवाला. चार खुर्च्या, पुढे एक पंखा, वय साधारण माझ्याएवढंच. मी बरा वैमानिक आहे. त्या दिवसाआधी हे वाक्य लिहिलं असतं तर 'उत्तम' लिहिलं असतं.

मार्चमधल्या एका सकाळी साडेआठला आम्ही जेर्बाहून उडालो. तोझरच्या विमानतळावर मबरूका मावशी आणि तिचा मुलगा घ्यायला येणार होते. दोघी बहिणी अकरा वर्षांनी भेटणार होत्या, आणि दलेंदा मावशीला त्याची धास्ती विमानापेक्षा जास्त होती. तिने मांडीवर मकरूदचा, म्हणजे खजूर भरलेल्या रव्याच्या वड्यांचा, डबा घट्ट धरला होता. गाबेसवरून जाताना ती म्हणाली, "समुद्र किती लहान आहे रे. तुझा मावसा याचाच एवढा अभिमान बाळगायचा."

"झोप येतेय का मावशी?"

"झोपायला आले असते तर घरी काय वाईट होतं?"

गाबेसनंतर डोंगर मागे पडले आणि पुढचं जग पांढरं होत गेलं. दक्षिणेचा वारा आदल्या दिवसापासून वाहत होता आणि हवेत पिठासारखी धूळ उभी होती. खाली मीठ सुरू झालं आणि धुळीत मिसळलं. आभाळ कुठे संपलं आणि जमीन कुठे सुरू झाली, ती रेघच कोणीतरी पुसून टाकली. खाली मधूनच गुलाबी डाग सरकत जायचा, नाहीतर एखादी हिरवट शीर, आणि पुन्हा दुधासारखं काहीच नसणं. इंजिन एका सुरात गुणगुणत होतं. आपण चाललो आहोत असं वाटतच नव्हतं. कोणीतरी आम्हाला एका पांढऱ्या खोलीत टांगून ठेवलं होतं आणि खोली हळूहळू झुलत होती.

खरं तर मी तिथूनच परत फिरायला हवं होतं. खमीस उस्ताद, ज्यांनी मला विमान उडवायला शिकवलं, ते फिरले असते. पण मावशीला मीठ दाखवायचं होतं, आणि मला मावशीपुढे मिरवायचं होतं.

"काही दिसतंय का गं?"

"पांढरं दिसतंय. माझ्या गेलेल्या डोळ्याला दिसतं तसंच." ती बराच वेळ काचेला नाक लावून बसली. मग तिने पदराखालून मासा काढला, लाल दोऱ्यात ओवलेला. "मिठावर आलो. आता हा वर पाहिजे." समोरच्या काचेच्या मध्यावर होकायंत्राची छोटी डबी बसवलेली असते. तिच्या दांडीला मावशीने दोरा अडकवला. मासा डबीशेजारीच डोलू लागला. मी पाहिलं आणि हसलो. माझी नजर तेव्हा खालच्या दोन मोठ्या तबकड्यांवर होती. एकीत आभाळाची निळी अर्धी चकती आणि जमिनीची तपकिरी, म्हणजे विमान किती कललंय ते कळतं. दुसरी दिशा सांगते. हवा खेचणाऱ्या एका पंपावर दोन्ही फिरतात.

तो पंप केव्हा मेला हे मला आजही सांगता येणार नाही. आवाज झाला नाही. इंजिनाचं काही बिघडलं नाही. फक्त ती निळी-तपकिरी चकती हळूच, झोपाळू माणसाची मान कलावी तशी, उजवीकडे कलायला लागली. मला वाटलं विमान कललं. मी ते डावीकडे सरळ केलं. चकती अजून थोडी कलली, मी अजून थोडं सरळ केलं. यात घाई कसलीच नव्हती. उलट फार बरं वाटत होतं. लहानपणी मावशी मांडीवर थोपटायची तेव्हा वाटायचं तसं.

"मासा बघ कसा सरळ लटकतोय," मावशी म्हणाली. "ओळंब्यासारखा."

मीही पाहिलं. मासा बरोबर मधोमध, सरळ खाली तोंड करून. मला धीर आला. आणि इथेच माझी अक्कल गहाण पडली होती, कारण वळणाऱ्या विमानात टांगलेली वस्तू विमानाच्याच बुडाकडे तोंड करून राहते. बादली गरागरा फिरवली तरी पाणी सांडत नाही, तसंच हे. खमीस उस्तादांनी हे आम्हाला चहाचा पेला फिरवून दाखवलं होतं. पण आमच्या लोकांना मासा सरळ दिसला की आणखी कशाकडे बघायची गरज वाटत नाही.

मग कानात दडे बसले. इंजिनाचा सूर चढला. मी वेगाच्या काट्याकडे पाहिलं तर तो लाल रेघेकडे निघालेला, आणि उंचीचा काटा उलटा फिरत होता. नऊशे मीटरवर होतो, चारशे उरले होते. आम्ही त्या गोड पांढऱ्या खोलीत गोल गोल फिरत खाली चाललो होतो. कोपऱ्यातला पंपाचा बारका काटा शून्यावर पडलेला दिसला आणि सगळं एकदम कळलं.

शरीर सांगत होतं, सरळ आहेस. चकती सांगत होती, उजवीकडे कललायस. वळण दाखवणारी एक वेगळी छोटी तबकडी विजेवर चालते, तिच्यातलं चिमुकलं विमान सांगत होतं, डावीकडे पार लवंडलायस. खरं एकटं तेच बोलत होतं. मी इंजिनाचा जोर उतरवला, त्या चिमुकल्या विमानाचे पंख सरळ होईतो चाक उजवीकडे धरलं, मग जिवाच्या आकांताने हळू हळू नाक उचललं. हळू उचलणं हेच सगळ्यात अवघड होतं. उंचीचा काटा दोनशे चाळीसवर थांबला.

मावशीच्या डब्यातले मकरूद सगळीकडे उडाले होते. "हे मुद्दाम केलंस?" तिने विचारलं.

"नाही."

"मग ठीक." तिने एक मकरूद गुडघ्यावरून उचलून डब्यात ठेवला. "बिघडलंय काय?"

मी सांगितलं. दोन तबकड्या मेल्यात, पण मेलेल्या दिसत नाहीत. त्या अजून बोलतायत, आणि माझे डोळे सारखे त्यांच्याकडेच जातायत. मी पुन्हा वर चढायला लागलो होतो आणि माझा हात पुन्हा त्या लबाड चकतीचं ऐकायला बघत होता.

"तोंडं झाक त्यांची," मावशी म्हणाली. खमीस उस्तादांचं नेमकं हेच वाक्य होतं आणि ते मी विसरलो होतो. "बाबा उन्हाच्या दिवशी मिठावर डोळ्यांना फडकं बांधायचे. समोर खोटं पाणी दिसतं ना. पाय मग आपोआप वाट धरतात." तिने पिशवीतून डोळ्यावर लावायच्या पट्ट्या काढल्या, चाचपडत, एका डोळ्याने माप घेत, आणि दोन तबकड्यांवर दोन पट्ट्या चिकटवल्या. तबकड्या ऑपरेशन झालेल्या म्हातारीसारख्या दिसायला लागल्या. माझा श्वास जागेवर आला.

आता दिशेसाठी उरलं होकायंत्र. त्याला ना पंप लागतो ना वीज. त्यात पश्चिम आणली आणि नाकासमोर धरली. तोझर विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्याशी रेडिओवर बोललो. खरखरीतून आवाज आला, सगळं ठीक ना? मी म्हणालो, ठीक. माझी पाठ घामाने भिजली होती आणि मी म्हणालो ठीक.

पुन्हा ती पांढरी शांतता. पुन्हा तेच गुणगुणणं. मावशी लहान मुलीसारख्या आवाजात बोलत होती, माझ्याशी की स्वतःशी कोण जाणे. बाबांच्या उंटिणीचं नाव नसलं तरी तिला हाक कळायची. मिठावर पहाटे चालताना काच तडकल्यासारखा आवाज यायचा. बाबा परत आले की त्यांच्या पायांच्या भेगांत मीठ चमकायचं आणि आई कोमट पाण्याने ते धुवायची. मला ते पाय दिसत होते. वीस मिनिटं गेली. तोझरची खजुराची झाडं दिसायला हवी होती. त्याआधी मिठातून जाणारा पक्का रस्ता तर नक्कीच दिसायला हवा होता.

खाली पाहिलं तर मीठ नव्हतं. वाळू होती. लाटांमागून लाटा, पिवळट, न संपणाऱ्या. दक्षिणेकडे तशी वाळू किती दूर जाते हे आमच्याकडे पोरांनाही माहीत आहे. पेट्रोल तासाभराचं उरलं होतं, आणि तिथे उतरावं लागलं तर आम्हाला शोधायलाही कोणी योग्य जागी येणार नव्हतं. मी होकायंत्राकडे पाहिलं. पश्चिम. ठाम पश्चिम.

"तुझा कान लाल झालाय," मावशी म्हणाली.

"काय?"

"डावा कान. उन्हाने आरपार लाल दिसतोय. एवढंच मला नीट दिसतंय इथे." तिने स्वतःच्या कानाला बोट लावलं. "बाबा म्हणायचे, सकाळी नेफ्त्याला जायचं तर ऊन मानेवर पाहिजे. कानावर आलं तर वाट सुटली."

धुळीत सूर्य म्हणजे नुसता एक फिकट डाग होता, पण तो माझ्या डाव्या खिडकीत होता. मागे असायला हवा होता. मी पुन्हा होकायंत्राकडे पाहिलं, आणि या वेळी त्याच्या शेजारी पाहिलं. विमान जरासं हललं, मासा डोलला, आणि त्याच्याबरोबर डबीतली चकतीही डोलली. मासा जाईल तिकडे ती तोंड फिरवत होती, सासरी आलेल्या सुनेसारखी. तीस वर्षं चुंबकाला चिकटून राहिलेला मासा. ज्याच्या टाचण्या मी मोजल्या होत्या.

मला माझाच एक दात भूल न देता उपटावासा वाटला. विमानात पहिल्या दिवशी शिकवतात, होकायंत्राजवळ लोखंड नको. हॉटेलवाल्याने एकदा नुसता चष्मा तिथे ठेवला म्हणून मी त्याला झापलं होतं. पण मासा म्हणजे लोखंड हे माझ्या मनातच आलं नाही. मासा म्हणजे मासा.

"मावशी, तो काढ तिथून."

"मिठावर असेपर्यंत नको."

"मिठावर नाही आपण. त्याच्यामुळेच नाही. तो होकायंत्राला फिरवतोय. काढ, पिशवीत घाल, आणि पिशवी पार मागे टाक."

ती हलली नाही. मी तिच्याकडे पाहू शकत नव्हतो, मला माझं चिमुकलं विमान सरळ ठेवायचं होतं. तिचा आवाज मात्र ऐकू आला, आणि तो सात वर्षांच्या मुलीचा होता. "गेल्या वेळी तो नव्हता म्हणून बाबा गेले. माझ्याकडे होता म्हणून. आता तुझ्यावरूनही काढू?"

साठ वर्षं ही बाई त्या एका सकाळी अडकून बसली होती आणि आम्ही सगळ्यांनी ते चालवून घेतलं होतं. एकीने तर पत्रं लिहून. मी म्हणालो, "मावशी, तुझ्या बाबांना वाट माहीत होती. ऊन कुठे पाहिजे ते तुला कोणी शिकवलं? मासा तिथे राहिला तर मला वाट सापडणार नाही. मला भीती वाटतेय गं. खरंच वाटतेय."

हे मी आयुष्यात कोणाला सांगितलं नव्हतं. मावशीने दोरा काढला.

होकायंत्राची चकती गर्रकन फिरली, दोनदा मागेपुढे झाली आणि नैऋत्येवर थांबली. मी विमान उजवीकडे वळवलं, हलकेच, चिमुकल्या पंखांकडे डोळ्यात तेल घालून बघत. वायव्येला आलो. मग रेडिओ उघडला आणि तोझरला सांगितलं की ठीक नाही. दोन उपकरणं गेलीत, दिशा चुकली होती, दक्षिणेकडून येतोय. मनोऱ्यावरचा माणूस जराही हसला नाही. म्हणाला, "या भाऊ, आम्ही इथेच आहोत." तेवढ्याने डोळे भरून आले.

मासा पिशवीत घातला नव्हता. मी मागे टाक म्हणालो होतो म्हणून मावशी खुर्चीत वळून, हात मागे पार लांब करून, मुठीत मासा धरून बसली होती.

"ठेव की मागच्या खुर्चीवर. तेवढं पुरे."

"मीठ आलं की सांग."

दहा मिनिटांनी वाळू विरळ झाली, करडी झाली, मग पुन्हा पांढरी. धूळ इथे खाली बसली होती. पहिल्यांदाच मीठ नीट दिसलं: गुलाबी कडांची डबकी, भेगांची जाळी, आणि त्यातून एक पुसट, बोटाने ओढल्यासारखी रेघ. जुनी तांड्यांची वाट. चाळीस वर्षांत तिच्यावरून कोणी गेलं नसेल, पण उंटांनी दाबलेलं मीठ अजून वेगळ्या रंगाचं होतं.

"मावशी, मीठ. आणि खाली वाट दिसतेय. तुझ्याच बाजूला."

ती काचेला टेकली. किती वेळ, कोण जाणे. दिसली की नाही हे मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. मग म्हणाली, "ही खिडकी उघडते का?"

"उघडते. खालची कडी वर कर. पण मावशी, गरज नाही. मागे ठेवलेला चालेल."

"माहितीय मला," ती म्हणाली. "बहिरी नाही झाले मी."

खिडकी उघडली आणि वारा आत घुसला. तिचा रुमाल उडाला, पांढरे केस सुटले. तिने मूठ बाहेर काढली आणि हळूच उघडली, कोणाच्या तरी हातावर काही ठेवावं तशी. मला फक्त लाल दोऱ्याची एक शेपटी दिसली. मग खिडकी लागली आणि पुन्हा इंजिनाचं गुणगुणणं. मावशी दोन्ही हात मांडीवर मोकळे ठेवून बसली. तिचे हात मी इतके रिकामे कधी पाहिले नव्हते.

थोड्या वेळाने पक्का रस्ता आला, सरळ, काळा, आणि त्याच्यावरून एक ट्रक चालला होता. मी रस्ता धरून डावीकडे वळलो. खजुराची हिरवी कड दिसली, मग धावपट्टी. उतरताना विमान दोनदा उसळलं. एरवी मला लाज वाटली असती.

मबरूका मावशी गाडीला टेकून उभी होती, उन्हात, जाडजूड, ओठ आवळून. दलेंदा मावशी माझा हात धरून खाली उतरली. तिचे केस अजून मोकळे होते आणि कपड्यांना मकरूदचा मध लागला होता. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. मबरूका मावशीची नजर बहिणीच्या चेहऱ्यावरून थेट गळ्यावर गेली.

"बाबांचा मासा कुठे?"

"ज्याचा होता," दलेंदा मावशी म्हणाली, "त्याला परत दिला."

मबरूका मावशीने पुढे होऊन बहिणीचे सुटलेले केस दोन्ही हातांनी मागे घेतले आणि स्वतःचा रुमाल काढून तिच्या डोक्यावर बांधायला लागली.